घराण्यात कुणाला होतं का?

"वडिलांना भावंडं किती?" डॉक्टर सोवनींनी विचारलं.

"एक बहीण होती. माझी आत्या. गेली."

"कशानं?"

"यानंच. छातीच्या कॅन्सरनं."

त्यांनी मान हलवली, जणू हेच उत्तर त्यांना अपेक्षित होतं. "आणि काका?"

"काका नाहीत मला," मी म्हणाले.

आई तेव्हा बाहेर औषधाच्या दुकानापाशी रांगेत उभी होती. नाहीतर तिनं तिथल्या तिथं मला खोटं पाडलं असतं. काका होते. तासगावात बेदाण्याच्या अडत दुकानात, गादीवर लोडाला टेकून बसलेले असणार त्या वेळी. त्यांची एकुलती एक मुलगी हेमांगी सांगलीत विश्रामबागेला राहत होती. मिरजेच्या त्या दवाखान्यापासून रिक्षानं गेलं तर चहा निवायच्या आत पोचावं, इतक्या जवळ.

डॉक्टरांनी मला सगळं समजावून सांगितलं. माझ्या रक्तात तो दोष होता. आईच्या रक्तात नव्हता. म्हणजे तो वडिलांकडून आला होता. "लोकांना वाटतं, बायकांचा आजार आईकडूनच येतो," त्या म्हणाल्या. "तसं नसतं. बापाकडूनही येतो. बहुतेक वेळा बापाला काहीच होत नाही, म्हणून कुणाच्या ध्यानात येत नाही. वडिलांच्या प्रत्येक भावंडात तो असण्याची शक्यता निम्मी. त्या भावंडात असला, तर त्यांच्या मुलींत पुन्हा निम्मी. पण कळलं तर भिण्याचं कारण नाही. दर वर्षी एमआरआय करायचा, वय झालं की मॅमोग्राम. गाठ आलीच तर मोहरीएवढी असताना सापडते. कुणाला शस्त्रक्रिया करून धोकाच काढून टाकावासा वाटला, तर तोही मार्ग आहे. मरतात त्या न कळल्यामुळे. म्हणून विचारते, आणखी कुणी आहे का सांगण्यासारखं?"

"कुणी नाही," मी म्हणाले.

मला पूर्ण शुद्ध होती. मी काय करतेय ते मला कळत होतं, आणि करताना बरं वाटत होतं.

त्याचं कारण शरयू. माझी थोरली बहीण.

वडील आम्ही लहान असतानाच गेले. घराची सूत्रं अप्पाकाकांकडे आली. आमचं खाणंपिणं, शिक्षण त्यांनीच केलं, तेही कधी न ऐकवता. हे मी नाकारत नाही. शरयू नोकरीला लागली आणि तिला अंघोळ करताना डाव्या बाजूला काहीतरी कठीण लागलं. तिनं मला सांगितलं, मी आईला, आईनं दिरांना. काका स्वतः गाडी काढून आम्हाला सांगलीला सर्जनकडे घेऊन गेले. आत आम्ही तिघं होतो. तपासणी झाल्यावर शरयू पडद्यामागे कपडे सारखे करत होती आणि मी तिची पर्स धरून उभी होते. सर्जन काकांना म्हणाले, "वय लहान आहे. या वयात अशा गाठी बहुधा साध्याच असतात. पण एक विचारायला हवं. तुमच्या घराण्यात कुणाला होतं का छातीचं काही? आजी, आत्या, कुणाला?"

काकांनी क्षणभरही वेळ घेतला नाही. "छे. आमच्या घरात असलं काही नाही, डॉक्टर. आमच्या बायका म्हाताऱ्या होऊन मरतात."

"मग लगेच सुई घालायची घाई नको. तीन महिने बघू. वाढली तर या."

सर्जनना मी कधी दोष दिला नाही. त्यांनी विचारायचं ते विचारलं होतं. शरयू पडद्यामागून बाहेर आली, तिनं ते ऐकलं होतं आणि ती हसत होती. घरी येताना काकांनी गाडी थांबवून आम्हाला उसाचा रस पाजला. तीन महिन्यांनी गाठ वाढलेली नव्हती, असं शरयूला वाटलं, म्हणून ती गेली नाही. दिवाळीनंतर काखेत दुसरी आली. मग काय ते सगळं झालं. केस गेले, एक बाजू काढली, शेवटी दुखणं पाठीच्या मणक्यात उतरलं. जाताना ती तेहतीस वर्षांची होती.

त्यानंतर काकांनी एक गोष्ट केली, ती आम्हाला उशिरा समजली. शरयूच्या मातीला आलेल्या पाहुण्यांना त्यांनी हळूच सांगितलं, "पोरीला आईकडनं आलं. रत्नाच्या माहेरचं दुखणं ते. आमच्यात असलं नाही." ते बोलणं भावकीत फिरलं. मला पाहायला येणारी स्थळं चहा पिऊन जात आणि निरोप पाठवायलाही विसरत. आणि आईनं ते खरं मानलं. तिच्या माहेरी कुणाला असं काही झाल्याचं तिला आठवत नव्हतं. तरी दिरांनी म्हटलंय म्हणजे असेल, असं तिनं स्वतःला पटवलं. हेमांगीला मुली झाल्या तेव्हा आई बारशाला गेली, पण पाळण्यापासून लांब बसली. बाळ कुणी मांडीवर द्यायला लागलं की म्हणायची, "नको, माझ्या हाताला गुण नाही." नऊ वर्षं ती अशी जगली.

मला स्वतःची तपासणी करायची होती, तेव्हा डॉक्टर सोवनींनी आईचंही रक्त मागितलं. आईनं दंड पुढे केला तो एखाद्यानं गुन्हा कबूल करावा तसा. आणि ते रक्त स्वच्छ निघालं.

मग मी अथणीला गेले. सुमित्राआत्या लग्न होऊन तिकडे कर्नाटकात गेली होती. मी पाळण्यात असताना ती वारली, काविळीनं, असं घरात सांगत. त्यानंतर काकांनी कुठल्याशा जमिनीच्या व्यवहारावरून अथणीशी येणंजाणं तोडलं. आतोबांना मी पहिल्यांदाच पाहत होते. खूप म्हातारे, सरळ कण्याचे, डोक्याला पांढरा रुमाल. मी कोण ते सांगितल्यावर त्यांनी मला आत घेतलं.

"कावीळ?" ते म्हणाले. "कावीळ कोण म्हणालं तुला?"

"सगळेच."

"तिची छाती सडली होती, बाळ. घरात उदबत्ती लावल्याबिगर बसता येत नव्हतं. तुझा काकाच तिला मिरजेला घेऊन जायचा. बैलगाडीनं स्टेशन, तिथनं पुढं रेल्वे. पाठीवर घेऊन चढायचा तिला. लई जीव होता त्याचा." जरा थांबून ते म्हणाले, "त्यांची आई पण तशीच गेली की. अप्पा पोरगं होता तवा. जखमेवरच्या चिंध्या उकळून द्यायचं काम त्याच्याकडं होतं. सुमी सांगायची मला."

म्हणजे काकांना एकदा नव्हे, दोनदा माहीत होतं. आईच्या चिंध्या त्यांनी उकळल्या होत्या, बहिणीला पाठीवर घेतलं होतं. आणि त्या सर्जनसमोर, शरयू पडद्यामागे ब्लाउजची बटणं लावत असताना, ते "छे" म्हणाले होते.

का म्हणाले, ते शोधायला मला कुठे जावं लागलं नाही. त्याच महिन्यात हेमांगीचं लग्न ठरत होतं. पुण्याचं मोठं घर, मुलगा सांगलीत इंजिनिअर.

अथणीहून परतताना एसटीत मी ठरवलं. काका गप्प बसले म्हणून माझी बहीण गेली. आता मी गप्प बसेन. शाप नको, भांडण नको. त्यांनी आम्हाला दिलं तेच त्यांना द्यायचं. हेमांगी चाळिशीला आली होती. तिच्या रक्तात ते असेल किंवा नसेल, ते तिचं नशीब. तपासणी असते हे तिला माझ्याकडून कळणार नाही. एक दिवस अंघोळ करताना तिच्या हाताला काही लागेल आणि तेव्हा अप्पाकाकांना समजेल. म्हणून मी डॉक्टर सोवनींना सांगितलं, मला काका नाहीत.

तो सगळा उन्हाळा मी हे गुपित जपलं. हेमांगीचा अधूनमधून फोन यायचा. "शैला, आंबे आलेत, घेऊन जा." मी जाऊन आंबे आणायचे. तिच्या मुली मला मावशी म्हणून बिलगायच्या. तिथून निघताना मला वाईट वाटायला हवं होतं. वाटत नव्हतं. शरयूच्या खोलीतला वास आठवला की सगळं जागच्या जागी बसायचं.

आईला मी एवढंच सांगितलं होतं की तुझं रक्त चांगलं आलंय. ती "बरं" म्हणाली. पुढचं तिनं विचारलं नाही आणि मीही बोलले नाही.

श्रावणात काकांची पंचाहत्तरी आली. तासगावात मोठा कार्यक्रम ठेवला होता. मंडप, सनई, भावकी, व्यापारी, जावयाकडची माणसं. औक्षण झालं, शाली झाल्या, मग काका बोलायला उभे राहिले. तब्येत खरोखर चांगली होती त्यांची. त्यांनी देवाचे आभार मानले, गुरूंचे मानले, आणि म्हणाले, "आमच्या घराण्याचं रक्त चांगलं. मोठं दुखणं आमच्यात कधी शिरलं नाही. एक पोर गेली तेवढी, माझ्या धाकट्या भावाची. पण ते बाहेरनं आलेलं. कुणाला बोल लावत नाही मी. ज्याचं त्याचं प्रारब्ध."

मंडपातल्या चारदोन माना आईकडे वळल्या.

मी आईकडे पाहिलं. एरवी अशा वेळी ती पदर पुढे ओढून खाली बघायची. त्या दिवशी तिनं मान वर केली होती. ती दिरांकडे टक लावून पाहत होती, एखादं अक्षर नीट लागत नसल्यासारखी.

जेवायला न थांबता आम्ही निघालो. गाडी मीच चालवत होते. कवठेएकंदच्या पुढे आई म्हणाली, "माझं रक्त चांगलं आलं म्हणालीस ना तू?"

"हो."

"मग बाहेरनं कुठनं आलं?"

मी गाडी बाजूला घेतली आणि तिला सगळं सांगितलं. अथणी, आत्या, आजी, चिंध्या, हेमांगीचं लग्न. ती ऐकत होती. रडली नाही.

"हेमांगीला सांगितलंस?" तिनं विचारलं.

"नाही."

"का?"

"शरयूला कुणी सांगितलं होतं?"

तिनं खिडकीची काच खाली केली. मला वाटलं, आता ती म्हणेल, असं करू नये, पोरीचा काय दोष, देव बघतो. आयुष्यभर ती हेच म्हणत आली होती.

"तू येडी आहेस, शैला," आई म्हणाली. "तू गप्प बसलीस, उद्या हेमांगीला काही झालं, तर तो काय म्हणेल? प्रारब्ध म्हणेल. आपण केलं त्याचं फळ आहे, हे त्याला कुठनं कळणार? रडेल, लोक त्याला धीर द्यायला येतील. मला असलं नको. मला त्याच्या तोंडनं ऐकायचंय. पोरीसमोर, जावयासमोर. मी तिथं बसलेली असताना."

आईनं काकांना 'तो' म्हटलेलं मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं.

दुसऱ्या दिवशी मी मिरजेला गेले आणि डॉक्टर सोवनींना म्हणाले, "मला एक काका आहेत."

त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "बरं झालं सांगितलंत. त्यांना घेऊन या. काकांचं रक्त आधी तपासू. त्यांच्यात नसेल, तर त्यांची मुलगी सुटली."

हेमांगीला फोनवर मी एवढंच सांगितलं की मी तपासणी केलीय, माझ्यात दोष निघालाय, डॉक्टरांना घरातल्या वडीलधाऱ्या माणसाशी बोलायचंय. हे सगळं खरंच होतं. ती घाबरली. तिचा नवरा, विश्वजित, समंजस माणूस. तो म्हणाला, "अप्पांना मी घेऊन येतो." जावयानं म्हटल्यावर काकांना नाही म्हणता येईना. शिवाय त्यांना वाटलं असणार, डॉक्टरला घराण्याबद्दल चार शब्द सांगून यायचंय. ते त्यांनी पूर्वी एकदा सांगितलेच होते.

त्या दिवशी आई इस्त्रीची साडी नेसून, अंबाडा घालून तयार झाली. आम्ही लवकर पोचलो. आतोबांना मी भाड्याच्या गाडीनं अथणीहून आणवलं होतं. ते भिंतीकडेच्या खुर्चीत काठीवर दोन्ही हात ठेवून बसले.

काका दारात आले आणि थांबले. त्यांनी आतोबांना पाहिलं होतं.

"हे कोण?" हेमांगीनं मला विचारलं.

"तुझे आतोबा. सुमित्राआत्याचे यजमान."

तिनं वाकून नमस्कार केला. काका अजून दारातच होते. विश्वजितनं त्यांना हाताला धरून खुर्चीत बसवलं. आत्याचं मी सांगितलं होतं, पण काकांनी ते लपवल्याचं डॉक्टरांना माहीत नव्हतं. त्यांनी नेहमीच्या मऊ आवाजात सुरुवात केली.

"अप्पासाहेब, घाबरू नका. थोडी माहिती हवीय. तुमच्या घराण्यात कुणाला छातीचा कॅन्सर होता का?"

काका म्हणाले, "माझी पुतणी. शरयू. हिची बहीण."

"तिच्या आधी?"

काकांनी पाणी मागितलं. ते प्यायले. "बहीण होती एक. ती काविळीनं..." आणि त्यांची नजर भिंतीकडे गेली. आतोबांनी काठीवरचे हात बदलले.

"काविळीनं?" डॉक्टरांनी विचारलं.

मग आई बोलली. "भाऊजी, सांगा की. मीही ऐकतेय."

काकांनी आईकडे पाहिलं. मला वाटतं, त्या माणसानं आईकडे नीट पाहिलं ते त्या दिवशीच. त्यांच्या लक्षात आलं की सुटका नाही. मग ते बोलले. खाली बघून, तुटक तुटक, पण सगळं बोलले. सुमित्राला छातीचंच होतं. त्यांच्या आईलाही होतं. तिच्या दोघी बहिणींना होतं. ते लहान होते. कडुलिंबाचा पाला वाटून आईच्या छातीवर बांधायचे. "मला वास सहन व्हायचा नाही," ते म्हणाले. "मी नाकाला फडकं बांधायचो. आई म्हणायची, काढ ते, मला बघू दे तुझं तोंड."

हे ऐकून माझ्या मनात काही हलेल, असं क्षणभर वाटलं. नाही हललं.

हेमांगी खुर्चीत पुढे सरकली. "अप्पा," ती म्हणाली, "शरयूला डॉक्टरकडे तुम्हीच नेलं होतं ना?"

"हो."

"तिथं डॉक्टरांनी विचारलं असेल."

काकांनी रिकामा ग्लास पुन्हा उचलला.

"विचारलं होतं," मी म्हणाले. "मी होते तिथं. काका 'छे' म्हणाले."

"तुम्हाला तेव्हा हे सगळं माहीत होतं?"

"तुझं लग्न ठरत होतं, बाळ," काका म्हणाले. "याद्या व्हायच्या होत्या. एका शब्दानं मोडलं असतं. आणि मला वाटलं, असेल साधी गाठ. डॉक्टर म्हणत होते साधी आहे."

"मी सांगितलं नाही म्हणून म्हणत होते, असं म्हणा अप्पा," हेमांगी म्हणाली. तिचा आवाज अजिबात चढला नव्हता. विश्वजितनं तिच्या खांद्यावर हात ठेवला, तो तिनं बाजूला केला. "माझ्या लग्नासाठी? शरयूनं माझ्या रुखवताची तोरणं केली होती. हातात सलाइनची सुई होती, तरी करत होती."

ती उठून बाहेर गेली. काका तिच्यामागे उठू लागले, तर आई म्हणाली, "बसा. आधी रक्त द्या."

त्यांनी बाही वर केली. सुई टोचायला आलेल्या बाईनं त्यांच्या दंडाला पट्टा बांधला. आई समोर बसून बघत होती. मी तिच्याकडे बघत होते. इतक्या वर्षांत तिला इतकं स्वस्थ बसलेलं मी पाहिलं नव्हतं.

काकांच्या रक्तात दोष निघाला. हेमांगीच्याही. डॉक्टरांनी तिचा एमआरआय लगेच करायला लावला आणि उजवीकडे खोल आत एक ठिपका सापडला. हाताला लागणं शक्य नव्हतं, इतका लहान. शस्त्रक्रिया झाली, औषधं झाली. ती आज ठणठणीत आहे. मी स्वतः त्याच हिवाळ्यात दोन्ही बाजू काढून घेतल्या. त्याबद्दल लोक हळहळतात. मला हळहळ वाटत नाही.

दवाखान्यात मी हेमांगीपाशी बसले होते तेव्हा तिनं विचारलं, "अथणीला कधी गेली होतीस तू?"

"चैत्रात."

ती छताकडे बघत राहिली. चैत्र ते श्रावण हा हिशेब तिला करता येत होता. त्या विषयावर आम्ही पुन्हा बोललो नाही. पण तेव्हापासून तिनं मला आंबे न्यायला बोलावलेलं नाही, ड्रायव्हरबरोबर पाठवते.

बापाशी मात्र तिनं बोलणंच सोडलं. काका तिच्या दारात जाऊन बसायचे. शेवटी तिनं विश्वजितकडून निरोप दिला. आजीच्या माहेरच्या, आजीच्या बहिणींच्या लेकी-नाती, जितक्या बायका या रक्ताच्या आहेत, तितक्यांना अप्पांनी स्वतः सांगायचं. आडून नाही, कुणाकरवी नाही. काय लपवलं आणि त्यात कोण गेलं तेही सांगायचं. ते झाल्याशिवाय नातींना भेटायचं नाही.

मी म्हटलं, सांगतात की नाही ते मी बघेन.

दर रविवारी सकाळी मी तासगावला जाऊ लागले. काका पुढच्या सोप्यात बसलेले असायचे. मी समोर बसायचे आणि फोनचा आवाज मोठा करायला सांगायचे. जत, विजापूर, कोकटनूर, पुणे. कितीतरी वर्षांत बोलणं नसलेली माणसं. ती आनंदानं बोलायला लागायची, "अप्पा, किती दिवसांनी." मग काका घसा साफ करायचे. "एक सांगायचंय. माझ्या आईला, सुमित्राला छातीचा कॅन्सर होता. मी लपवलं. माझी पुतणी शरयू त्यात गेली. तुम्ही आणि तुमच्या मुलींनी तपासून घ्या." काही बायका घाबरायच्या, काही रागावून फोन ठेवायच्या. एका मावसबहिणीनं त्यांना खूप शिव्या दिल्या. तिची मुलगी याच दुखण्यानं दोन वर्षांपूर्वी गेली होती. काकांनी फोन कानापासून दूर धरला. "कानाला लावा," मी म्हणाले. त्यांनी लावला.

शरयूचं नाव गाळलं तर मी पुन्हा फोन करायला लावायचे.

एका रविवारी त्यांनी फोन बाजूला ठेवला आणि माझ्यापुढे हात जोडले. घरात आणखी कुणी नव्हतं. पंचाहत्तरीचा तो ताठ माणूस राहिला नव्हता. गालाची हाडं वर आली होती. "शैला, आता पुरे कर. मला माफ कर. मी तुम्हाला पोटच्या पोरींसारखं वाढवलं."

"पुढचा नंबर लावा, अप्पाकाका."

त्यांनी लावला.

होळीच्या सुमारास सगळ्या बायका झाल्या. हेमांगीनं नातींना भेटू दिलं, पण ती स्वतः त्यांच्याशी कामापुरतंच बोलायची. आई तासगावला पुन्हा गेली नाही. भावकीतल्या बायका आता तिच्याकडे येऊन, रत्नाकाकू, आमचं चुकलं, असं म्हणायच्या. ती त्यांना चहा द्यायची आणि बसवायची, पण नाही, तुमचं काही चुकलं नाही, असं तिनं एकीलाही म्हटलं नाही. हेमांगीच्या मुली आल्या की मात्र दोघींना ओढून जवळ घ्यायची.

काका तीन वर्षांनी गेले, झोपेत. माती झाल्यावर दिवसभर भेटायला माणसं येत होती. हेमांगीनं बोलावलं म्हणून मी सोप्यात बसले होते. दुपारी विजापूरहून एक बाई आली. माझ्याच वयाची, बरोबर नवरा. मी तिला ओळखत नव्हते. काकांच्या फोटोपुढे ती ढसढसा रडली. मग माझ्याशेजारी येऊन बसली.

"मी त्यांच्या मावसबहिणीची मुलगी, ललिता," ती रडता रडता म्हणाली. "त्यांनी फोन केला म्हणून तपासलं. एवढीशी गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, वर्षभर उशीर झाला असता तर हाती काही राहिलं नसतं. आमच्याकडच्या चौघीजणी आज त्यांच्यामुळं जिवंत आहेत. कोण करतं हो एवढं? देवमाणूस होते."

समोर बसलेल्या बायकांनी माना डोलावल्या. कुणीतरी डोळ्यांना पदर लावला. हेमांगी आतल्या दारात उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि नजर खाली वळवली.

"शरयूला नाही त्यांनी वाचवलं," मी म्हणाले.

बाईनं डोळे पुसले. "हो, फोनवर म्हणाले होते खरं काहीतरी. मी तेव्हा इतकी घाबरले होते की नीट ऐकलंच नाही." तिनं माझ्याकडे पाहिलं. "शरयू कोण?"

तिचा नवरा दारातून खुणा करत होता. विजापूरची गाडी सुटायची होती.

"त्यांना पुढच्या गाडीनं जाऊ म्हणावं," मी म्हणाले. "तुम्ही बसा. सांगते."